घासायला जागा

ज्ञानदेव गावंडे यांचा सगळा जन्म मापं घेण्यात गेला, पण घरात त्यांनी एक गोष्ट कधी मापात केली असेल तर शपथ. भात लावायचा तो दोघांना पुरून उद्याच्या फोडणीला उरेल एवढा. एस.टी. आठची असली तर हे सातला स्टँडवर हजर. श्रद्धाला, म्हणजे एकुलत्या एक लेकीला, शाळेचा गणवेश घेतला तो असा की पहिलं वर्षभर त्यात पोरगी शोधावी लागे. कोणी काही बोललं की उत्तर ठरलेलं. "जास्त असलं तर कमी करता येते. कमी पडलं तर कुठून आणता?"

हे ते कारखान्यात शिकले होते. दर्यापूरकडून आयटीआयचा दाखला घेऊन पुण्याला आले, सणसवाडीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटले, आणि तिथल्या जुन्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात कानमंत्र दिला. नवा पार्ट करताना घासायला जागा ठेव. बाहेरचं माप असेल तर किंचित जास्त ठेव, भोक असेल तर किंचित लहान ठेव. मग जिथे बसवायचा तिथे नेऊन लाव, कुठे अडतो ते बघ, कानशीचे दोन हात मार, पुन्हा लाव. नीट बसला की मगच त्याला पाणी द्यायला, म्हणजे तापवून कडक करायला पाठव. आणि मशीनच्या मूळ भागाला कधी कानस लावायची नाही. घासायचं ते नव्याला. मूळ भाग जागचा असतो, नव्यानं त्याच्याशी जुळवून घ्यायचं असतं. ज्ञानदेवांनी हा मंत्र इतका घोटला की पुढे तो त्यांच्या हातात राहिला आणि डोक्यातून गेला. म्हणजे जागा ठेवतोय हे त्यांचं त्यांनाही कळेनासं झालं.

आता ते निवृत्त होते. वाघोलीत तळमजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, गॅलरीत एक भक्कम टेबल, त्याला घट्ट केलेला, काम आवळून धरणारा छोटा व्हाइस आणि कानशींचा पत्र्याचा डबा. "लोकं म्हातारपणी हातात माळ धरतात, आमच्याकडे कानस धरून राहिले," असं सत्यशीलाबाई म्हणत. इतकी वर्षं पुण्यात काढूनही दोघं घरात वऱ्हाडीच बोलत. दाराबाहेर पडलं की भाषा इस्त्री केल्यासारखी सरळ होई.

सत्यशीलाबाईंचा उजवा पाय लहानपणीच पोलिओत गेला होता. कळायला लागल्यापासून त्या कॅलिपर लावून चालत. मांडीपासून बुटापर्यंत दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या, त्यांना धरून ठेवणारे चामड्याचे पट्टे. गुडघ्यापाशी पट्टीला सांधा. उभं राहून पाय सरळ झाला की पट्टीवरची चौकोनी कडी खाली घसरून त्या सांध्यावर बसते, टक असा आवाज होतो, आणि मग गुडघा मुडपत नाही. बसायचं झालं की कडी बोटानं वर ओढायची. सकाळी हा टक ऐकू आला की ज्ञानदेवांना उजाडल्यासारखं वाटे. आधी चहाचं भांडं, मग टक, मग दुधाची पिशवी, असा त्या घराचा क्रमच होता.

याच पायावर बाईंनी पाळणाघर चालवलं. खराडीला आयटीत जाणाऱ्या मुली सकाळी लेकरं आणून सोडत आणि संध्याकाळी घेऊन जात. पाय लोखंडाचा, पण दोन्ही हात मोकळे. एका कडेवर पोर, दुसऱ्या हातात मऊ भाताची वाटी, आणि तोंडानं तिसऱ्याला दटावणं चालू. आजूबाजूच्या बायका म्हणत, काकूंना चार हात आहेत. हे ऐकून सत्यशीलाबाई लाजत नसत. खरंच आहे म्हणत.

ते पाळणाघर पावसाळ्यानंतर बंद पडलं. बंद पडलं म्हणजे बाईंनीच बंद केलं. वर्षानुवर्षं वर-खाली होऊन दोन्ही कड्या आतून झिजल्या होत्या. सांध्यावर बसायच्या, पण सैल. एके दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून वरणभाताची वाटी घेऊन येताना कडी सटकली, गुडघा दुमडला आणि बाई कोसळल्या. पदर धरून मागे येणारं पोर भिंतीकडे फेकलं गेलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही, घाबरून रडलं तेवढंच. बाईंच्या मनगटाला सूज आली, ती उतरली. भीती उतरली नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी एकेकीला फोन करून सांगितलं की उद्यापासून आणू नका. ज्ञानदेव समोर बसून ऐकत होते. प्रत्येक फोनला बाई तेच वाक्य त्याच शांतपणे बोलत होत्या, आणि ते ऐकवत नव्हतं.

तेव्हापासून त्या उजवा हात गुडघ्यावर दाबून, वाकून चालत. म्हणजे एक हात कायमचा कामातून गेला. चहा आणायचा तर एक कप आणायच्या, तो ठेवून परत जायच्या आणि दुसरा आणायच्या. ज्ञानदेव उठायला लागले की म्हणत, "बसा. एक हात आहे अजून माझा."

बाकीच्या मुलींनी दुसरीकडे सोय केली. चौथ्या मजल्यावरची ऋतुजा तेवढी हटून बसली होती. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. "काकू, मला ऑफिस जॉइन करायचंय पुढच्या महिन्यात. मी बाळाला तुमच्याकडेच ठेवणार. तोपर्यंत बघा ना काहीतरी," असं ती येताजाता सांगे. काकू हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. ती गेली की खिडकीशी बसून राहत.

बघायचं म्हणजे ज्ञानदेवांनी बघायचं. इस्पितळातून नव्या तऱ्हेचा, प्लास्टिकचा, हलकाफुलका कॅलिपर करून आणला. दिसायला देखणा होता. बाईंच्या मांडीला त्यानं जखमा केल्या आणि तो माळ्यावर गेला. जुन्या कॅलिपरला नव्या कंपन्यांच्या कड्या बसेनात, कारण तो कुठल्या कंपनीचा नव्हताच. कसबा पेठेतल्या शंभू मिस्तरींनी तो बाईंचा पाय बघून हातानं केला होता. मग ज्ञानदेव कसबा पेठेत गेले. गल्लीत शिरून बघतात तर मिस्तरींच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगलेली. शंभू मिस्तरी शेजारच्या ओट्यावर ऊन खात बसले होते.

"मिस्तरी, कॅलिपरची कडी करायची होती."

"करा की. मी कुठं अडवतोय?"

"तुम्ही नाही करणार?"

मिस्तरींनी उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता. "याच्याकडून करून घ्या, तयार होत असेल तर. लेथ भंगारात गेला. मला कोणी घेत नाही, म्हणून मी इथंच आहे."

ज्ञानदेव पायऱ्या उतरले तेव्हा मागून म्हातारा म्हणाला, "बाई चालतात ना अजून?" ज्ञानदेवांनी मान हलवली.

मग ओळखीच्या कारखान्यांत हेलपाटे झाले. सगळीकडे चहा मिळाला. "गावंडेसाहेब, दोन नगांसाठी मशीन लावायचं म्हणजे अर्धा दिवस गेला हो. शंभर नगांचं काम असेल तर बोला." ज्ञानदेव म्हणत, बायकोला दोन कड्या लागतात, शंभर कुठं लावू? समोरचा हसे आणि तेही हसत. बसमधून घरी येताना मात्र डोळे मिटून बसत. हा थकवा झोपेनं जाणारा नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं चालती ठेवली आणि घरातली एक कडी होत नाही, याचं त्यांना रडू येई.

अखेर हैदराबादेतून श्रद्धानं व्हिडिओ कॉलवर तोडगा काढला. "बाबा, आता ऑनलाइन करून मिळतं. ड्रॉइंग टाकायचं, मटेरियल निवडायचं, पार्ट घरी. एक नग असला तरी करतात."

"आणि करते कोण?"

"कोणीतरी करतं. कुठल्यातरी गावातल्या कुठल्यातरी मशीनवर. आपल्याला काय करायचंय?"

न बघितलेल्या माणसाकडून न बघितलेल्या मशीनवर काम करून घ्यायचं, हे ज्ञानदेवांच्या पचनी पडायला दोन दिवस लागले. मग त्यांनी आलेखाचा कागद आणला, पेन्सिलीला टोक केलं, कॅलिपर टेबलावर आडवा ठेवून व्हर्निअरनं सांध्याची मापं घेतली आणि कडीचं चित्र काढलं. चित्र असं झालं की जुन्या साहेबानं पाठ थोपटली असती. आणि आतल्या भोकाचं माप लिहिताना हातानं आयुष्यभराचं काम केलं. भोक केसभर लहान लिहिलं. घासायला जागा ठेवली.

श्रद्धानं ऑफिसातल्या मित्राकडून त्या चित्राची कॉम्प्युटरवर फाइल करून घेतली. मग बापलेक फोनवर समोरासमोर बसून एकेक रकाना भरू लागले. स्टील कुठलं, फिनिश कसं, आणि पुढे, हार्डनिंग हवं का. ते वाचून ज्ञानदेवांचे डोळे चमकले. "तेही तेच करून देतात? टाक, टाक. सगळ्यात कडक असंल ते टाक. आता हे कडी तुझ्या आईच्या जन्मात झिजत नाही."

"बाबा, साइझ फायनल ना? तिथं कोणी विचार करत बसत नाही हं. फाइलमध्ये असेल तेच येणार."

"पोट्टे, व्हर्निअर धरून जन्म गेला माझा."

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीतून प्रियदर्शनी नावाच्या मुलीचा फोन आला. गोड बोलत होती. "सर, ड्रॉइंगप्रमाणेच प्रोसीड करायचं ना? नंतर चेंज करता येणार नाही." ज्ञानदेवांनी इस्त्रीची मराठी काढली. "आपण ड्रॉइंगप्रमाणेच करावं. त्यात एक रेघ इकडची तिकडे करू नये." या सक्त ताकिदीचं नंतर त्यांनाच फार वाईट वाटलं.

मग वाट बघणं. पार्सल कुठवर आलं हे फोनवर दिसतं, असं श्रद्धानं शिकवून ठेवलं होतं. ज्ञानदेव ते उठताबसता बघत. सत्यशीलाबाई बघत नसत. पण दुपारी भांडी घासून झाल्यावर विचारत, "कुठंशी आली?" आणि उत्तर ऐकून आत जात. ऋतुजाची रजा संपायला आता शनिवार-रविवारच काय तो उरला होता. शुक्रवारी तिनं जिन्यातून हाक मारली, "काकू, सोमवारचं काय?" बाई म्हणाल्या, "उद्या सांगते बाळा."

शनिवारी सकाळी पार्सल आलं. आत फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन कड्या आणि तपासणीचा छापील कागद. काय काम होतं! धारा कुठे बोचत नव्हत्या, तोंड दिसेल इतकी चकाकी. ज्ञानदेवांनी कड्या तळहातावर घेऊन खिडकीतल्या उजेडात फिरवल्या. कोणीतरी, कुठेतरी, बाईंचा पाय न बघता हे केलं होतं, आणि जीव लावून केल्यासारखं केलं होतं. त्यांनी कॅलिपर टेबलावर घेतला, मांडीच्या पट्ट्याचे स्क्रू काढले, जुन्या कड्या काढल्या, नवी कडी पट्टीवर सरकवली. ती अलगद खाली आली आणि सांध्याशी येऊन अडली.

"हं. जागा ठेवलीच आहे," ते स्वतःशी म्हणाले. कडी काढून व्हाइसमध्ये धरली, बारीक कानस घेतली आणि पहिला हात मारला.

कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. लोखंडाची भुकटी पडली नाही. दुसरा हात मारला, जोर लावून तिसरा मारला. मग बोटानं कानस चाचपली. कानशीचेच दात गेले होते.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आधी घासायचं, मग पाणी द्यायचं. कारखान्यात नवीन आलेल्या पोराला ते हेच पहिल्या दिवशी सांगत. आणि आज त्यांनी घासायची जागा ठेवून वर कडक करून मागवली होती, सगळ्यात कडक.

तरी त्यांनी फोन लावला. माणूस बुडताना लावतोच. "तुमचा पार्ट बसत नाही," ते जरा जोरातच म्हणाले.

प्रियदर्शनीनं कागद बघून सांगितलं, "सर, ड्रॉइंगच्या मापाला पार्ट ओके आहे. इन्स्पेक्शन रिपोर्ट बॉक्समध्येच आहे बघा. तुम्ही ड्रॉइंग रिव्हाइज करून पाठवा ना, आम्ही पुन्हा बनवून देऊ. हार्डनिंगमुळे दोन-तीन आठवडे धरा."

ज्ञानदेवांनी रिपोर्ट बघितला. त्यांनी लिहिलेला आकडा, आणि त्यासमोर मोजलेला आकडा. दोन्ही सारखे. राग काढायला समोर कोणीतरी लागतं. इथे सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. त्या पोरीला "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहिले. जेवायची हाक आली तर भूक नाही म्हणाले. दुपारभर वेगवेगळ्या कानशी लावून बघितल्या, एकीनंही दाद दिली नाही. कड्या तापवून मऊ कराव्यात असंही मनात आलं, पण तापवल्या तर वाकतील आणि मग हातची वस्तूही जाईल. डब्यात एकच कानस धड उरली तेव्हा खांद्यातून अशी कळ निघाली की हात खाली घ्यावा लागला.

सत्यशीलाबाई भिंत धरत धरत गॅलरीत आल्या. कॅलिपर टेबलावर होता, त्यामुळे त्यांचा एक पाय नुसता लोंबत होता. दारातल्या स्टुलावर बसल्या.

"बसली नाही काय?"

"बसंल. थोडी घासा लागते."

"मग घासा."

ज्ञानदेवांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "घासल्या जाऊन नाही राहिली. लय कडक झाली. चूक माझी आहे." आणि लगेच, तोंड फिरवून, "तू ऋतुजाले सांगून टाक. नाही म्हणून सांग."

बाईंनी टेबलावरची कडी उचलली, हातात वजन बघितलं, नखानं खरवडली. "सुरेख झाली. हे कडक, बरं. आणि पट्टी?"

"पट्टी मऊ आहे. साधं लोखंड."

"मग पट्टी घासा."

"काहीतरीच." ज्ञानदेव चमकून वळले. "मूळ पार्टले हात नाही लावत."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? नियम आहे. घासायचं ते नव्याले."

सत्यशीलाबाई हसल्या. "हो बाप्पा. तो नियम मले पाठ आहे. लग्न होऊन आली तवा तुमच्या घरी नवी मीच होती. आधी तुमच्या आईच्या हाताखाली, मग इथं पुण्यात त्या पत्र्याच्या खोलीत, घासू घासू बसली मी. तुमच्या पट्टीले कोणी कानस लावली का कधी?"

त्या चिडून बोलत नव्हत्या. भाजी किती आणायची हे सांगावं इतक्या सहज बोलल्या. ज्ञानदेव उत्तर द्यायला गेले तर जुन्या गोष्टी एकापाठोपाठ एक डोळ्यांसमोर आल्या. कॅलिपर काढून ठेव, खटखट होते, असं त्यांची आई म्हणायची आणि ही पाहुण्यांसमोर भिंत धरून चालायची. तेव्हा आपण काही बोललो नव्हतो, हे त्यांना स्वच्छ आठवलं. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती कडीकडे बघत होती.

"आणि ते पट्टी काही मशीनची नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या पायाची आहे. मी म्हणते घासा, तर घासा."

पट्टी चांगली जाड होती. सांध्यापाशी केसभर गेल्यानं तिचं काही बिघडणार नव्हतं, हे फिटरला केव्हाच कळलं होतं. नवऱ्याला धीर होत नव्हता. तिचा सगळा भार त्या पट्टीवर, आणि तिलाच कानस लावायची. त्यांनी कॅलिपर व्हाइसमध्ये धरला, खाली जुन्या धोतराचा तुकडा घातला, आणि डब्यातून धड उरलेली एकच कानस काढली.

पहिल्याच हाताला भुकटी पडली. बारीक, करडी. बाई स्टुलावर बसून बघत राहिल्या.

इथे जागा ठेवून चालणार नव्हतं. थोडं कमी घासलं तर कडी अडणार, थोडं जास्त गेलं तर पुन्हा सैल, पुन्हा तो दुमडलेला गुडघा. जास्त असलं तर कमी करता येतं हे त्यांचं सगळ्या जन्माचं वाक्य, पण पट्टीवरून एकदा गेलेलं परत येणार नव्हतं. नेमकं करायचं होतं. ज्ञानदेव दोन हात मारत, फडक्यानं पुसत, कडी सरकवून बघत. दोन हात मारत आणि थांबत. खांदा ठणकत होता. बोटं वळत नव्हती. मध्येच डोळ्यांत पाणी येई, ते बाहीनं पुसून पुन्हा बघत. बाहेर उन्हं कलली, सोसायटीची पोरं खेळायला उतरली, त्यांचा कालवा सुरू झाला. एकदा बाई म्हणाल्या, "थांबा जरा." ते थांबले नाहीत.

मग कडी खाली आली. आपल्या वजनानं, न ढकलता आली आणि सांध्यावर बसली. टक.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ज्ञानदेवांनी कडी वर ओढली, सोडली. टक. हलवून बघितली, हलेना. मग दुसऱ्या अंगाची पट्टी घेतली. ती होईपर्यंत गॅलरीतला दिवा लावावा लागला.

कॅलिपर त्यांनीच बाईंच्या पायात चढवला. पट्टे आवळले. बाईंनी त्यांच्या खांद्याला धरून पाय सरळ केला, दोन्ही कड्या एकदम बसल्या. त्या उभ्या राहिल्या. उजवा हात सवयीनं गुडघ्याकडे गेला.

"सोड," ज्ञानदेव म्हणाले.

बाईंनी सोडला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. हात मोकळा झाला होता आणि त्याचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. तो नुसताच अंगाशी लोंबत होता. गॅलरीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. पाठ ताठ होती. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा ज्ञानदेवांना त्यांची उंची दिसली.

"सकाळपासून उपाशी आहात. चहा करते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला, मग फोनवरचा आवाज. "हं ऋतुजा. सोमवारी आण. हो गं, आण. त्याची दुपटी जास्तीची पाठव."

ज्ञानदेव खुर्चीत टेकले. आता उठून डबा आवरावा, भुकटी झाडावी, श्रद्धाला फोन करून खरं काय ते सांगावं असं मनात होतं. त्यातलं एकही काम हातून झालं नाही. मान खाली गेली आणि कानस मांडीवर तशीच राहिली.

जाग आली तेव्हा बाहेरचा पोरांचा कालवा थांबला होता. समोर सत्यशीलाबाई उभ्या होत्या. सरळ, कशालाही न टेकता. दोन्ही हातांत एकेक कप.

"केव्हाची उभी आहेस? उठवायचं नाही काय?"

"राहिली उभी," त्या म्हणाल्या. "उभं राहून बघत होती."

ज्ञानदेवांनी कप घेतला. चहावर जाड साय धरली होती आणि कप पार गार झाला होता. बाई म्हणाल्या, आणा, गरम करून आणते. त्यांनी कप दिला नाही. तसाच गार चहा ते सगळा प्यायले.